ताईच्या छत्तीस कॅसेटी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

स. साडेसातला कोठी चालू केली. चार दिव्यांपैकी दोन हिरवे, दोन लाल. दोन नंबर आणि तीन नंबर. बंद केली, दहा मिनिटं थांबलो, परत चालू. तेच. असं पाच वेळा. पाचव्या वेळी तीन नंबरमधून टक-टक-टक आवाज आला, मग तोही थांबला.

कोठी म्हणजे सगळ्या खानदानाचे फोटो-व्हिडिओ साठवायची माझी चार डिस्कची पेटी. एक मेली तर बाकीच्या तिघी तिचं काम ओढून नेतात. दोन मेल्या की खेळ खलास. हे मीच सगळ्या खानदानाला समजावलं होतं, जेवणाच्या ताटात पोळीचे चार तुकडे मांडून.

मीना म्हणाली, "आज सणाचं नको. उद्या बघा काय ते." श्रीखंड-पुरी झाली. खालच्या मजल्यावरचे सोनं द्यायला आले. तोंडाने "सोन्यासारखे राहा", डोकं त्या लाल दिव्यांत.

पहाटे वीज तीनदा गेली-आली. व्होल्टेजच असणार. आणि मीनाने इस्त्री त्याच बोर्डावर लावली होती. तिला बोललो. जरा जास्तच बोललो.

३ ऑक्टोबर

निखिलला पुण्याला फोन. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, बॅकअप कुठंय?"

"चार डिस्क आहेत की."

मग म्हणाला, "बाबा, तो बॅकअप नसतो. एकाच पेटीत सगळं म्हणजे..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. मुलगा वाक्य गिळतो तेव्हा समजावं की आपण म्हातारे झालो.

अंबरनाथच्या केमिकल फॅक्टरीत तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन. अख्खा प्लांट माझ्या मीटरवर चालायचा. आणि हा मला सांगतो.

कोठीत काय काय होतं त्याची यादी. दिलीपच्या मुलीचं लग्न. सोनिवलीच्या त्याच्या नव्या घराची वास्तुशांत. मेहुण्यांची काशीयात्रा. सात घरांचे अकरा वर्षांचे फोटो, मी मागून-मागून गोळा केलेले. "कंपन्यांच्या हवाली काय करता, घरचं घरात ठेवा," असं प्रत्येकाला सांगून.

आणि ताईच्या छत्तीस कॅसेटी.

४ ऑक्टोबर

काल त्या ओळीपाशी पेन थांबलं. आज लिहितोच.

ताईने सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, बारवीकडच्या पाड्यांवर. धरणाची उंची वाढणार, पाडे पाण्यात जाणार हे ठरलं तेव्हापासून रविवारी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून फिरायची. भातलावणीची गाणी, जात्यावरची, हळदीची. बायका गायच्या, ही बटण दाबून बसायची. पगारातून सेल घ्यायची. आम्ही हसायचो तिला. आता ती सत्तरीची, बदलापुरात एकटी राहते. पाडे पाण्याखाली, गाणाऱ्या बहुतेक गेल्या. त्यांची मुलं, म्हणजे हिचेच विद्यार्थी, अजून फोन करतात. "बाई, आमच्या आईचं गाणं हाय का तुमच्याकडं?"

सहा वर्षांपूर्वी त्या सगळ्या कॅसेटी मी कोठीत भरून घेतल्या. दोन महिने लागले. काम चोख केलं. मग कॅसेटींचं खोकं भंगारवाल्याला दिलं.

ताई म्हणाली होती, "असू दे रे, माझ्या कपाटात पडून राहतील."

"बुरशी लागते त्यांना. माझ्याकडे शंभर वर्षं टिकतील," मी म्हणालो होतो.

५ ऑक्टोबर, रविवार

एकेकाला फोन करायला घेतले. माफी मागायची तयारी करून बसलो होतो. पहिला दिलीप, माझा चुलतभाऊ.

"अरे दादा, टेन्शन नको घेऊस. आपलं सगळं मोबाइलवर आहे. क्लाउडवर जातं आपोआप."

"मग मला कशाला दिलेलंस?"

"तू मागायचास ना एवढा! नाही म्हटलं तर तुला वाईट वाटलं असतं."

मेहुणे: "अहो, आमच्या सूनबाईकडे आहे सगळं, डोन्ट वरी." वहिनी: "तुमच्याकडचे कुठे कधी उघडायला यायचे आम्हाला." सातही घरांत हीच तऱ्हा. एकालाही धक्का नाही. अकरा वर्षं मी तिजोरीचा पहारेकरी म्हणून मिरवलो आणि तिजोरीत सगळ्यांनी ठेवले होते झेरॉक्स.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. संताप आला. माझं गेलं यापेक्षा कुणाचंच गेलं नाही याचा. असा माणूस आहे मी.

ताईला फोन केला नाही. तिच्याकडे मोबाइल आहे तो बटणांचा. सगळं विश्वासाने हाती दिलं ते तिने एकटीने.

७ ऑक्टोबर, मंगळवार

उल्हासनगर, कॅम्प १. निखिलने शोधून दिलेलं दुकान. खाली पापडवाला, वर लाकडी जिना, वर हरेशभाई. साठीचा सिंधी माणूस, कपाळावर चष्मा, नाकावर दुसरा चष्मा. डिस्क हातात घेतल्या त्या तान्ह्या मुलाला घेतात तशा.

"साईं, बंद पडल्यावर कितनी बार चालू किया?"

"एकदा."

"सच बोलो. डॉक्टर से और हमसे झूठ बोलोगे तो नुकसान आपका."

"पाच."

लिहून घेतलं त्यांनी. पाच. मग बारीक स्क्रू काढून दोन नंबरची हिरवी पट्टी उलटी केली. डिस्कचा मेंदू असतो तो. पट्टीच्या आतल्या अंगाला लालसर काहीतरी वाळलं होतं. चष्मा बदलून बघितलं, नखाने खरवडलं, वास घेतला.

"ये जंग नहीं है. साईं, ये... कुंकू है क्या?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

तीन नंबर उघडली. तिच्यातही.

हरेशभाई हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हम भी दिवाली में गल्ला पूजते हैं साईं. टीका बाहर लगाते हैं."

घरी येऊन मीनाला सांगितलं, व्होल्टेज.

८ ऑक्टोबर

लिहून टाकतो. निदान इथे तरी.

दर खंडेनवमीला कोठी बंद करतो. फॅक्टरीत करायचो तसं. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, पुसायचं, पुजायचं, दसऱ्याला चालू. डिस्क काढून पाटावर मांडतो, गंध, कुंकू, अक्षता, झेंडू. दर वर्षी गंध लावायचो ते वरच्या अंगाला, पत्र्यावर. यंदा त्या पत्र्यावर मी नंबरांचे नवे स्टिकर चिकटवले होते. छापून आणलेले. १, २, ३, ४. त्यांच्यावर डाग पडू नये म्हणून डिस्क उलट्या ठेवल्या आणि पट्टीवर लावलं. ओलं गंध, ओलं कुंकू. एक आणि चारवर कमी पडलं, म्हणून वाचल्या. दोन आणि तीनवर हात सैल सुटला.

स्टिकर स्वच्छ आहेत.

फॅक्टरीत पॅनलच्या दाराच्या आत कुणी हार टाकला तर मी त्याला सगळ्यांसमोर झापायचो. "शिकलेले आहात ना?" एकदा एका ऑपरेटरला याच कारणावरून मेमो दिला होता.

९ ऑक्टोबर

मीनाला खरं सांगितलं. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. "तुम्ही उलट्या ठेवल्यात तेव्हा मी विचारलं होतं, अशा चालतात का."

विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "तू तुझं नैवेद्याचं बघ."

इस्त्रीबद्दल सॉरी म्हणालो. "हं," म्हणाली. आठवडाभर इस्त्री केली नव्हती तिने. माझेच शर्ट चुरगळलेले होते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर

हरेशभाईंचा फोन. दोन नंबर गेली, चिपच जळली. तिचा नाद सोडा. तीन नंबरला जुन्या बाजारातून तशीच पट्टी शोधून बसवली, चालू झाली. पण आत ओरखडे.

"कुंकू से एक मरी, साईं. दूसरी तो बच जाती. वो पाँच बार चालू-बंद..." बाकीचं बोलले नाहीत. सगळे माझ्याशी अर्धीच वाक्यं बोलायला लागलेत.

म्हणाले, पूर्ण काही येणार नाही, तुकडे येतील. डिस्क किती दिवस तग धरेल सांगता येत नाही. आधी काय काढू?

"गाणी," मी म्हणालो. "फक्त गाणी. बाकीचं राहू द्या."

"शादी वगैरा? फोटो?"

"ते सगळ्यांकडे आहेत."

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

बदलापूर. ताईने पाटाभोवती रांगोळी काढलेली. गुडघे दुखतात तरी. ओवाळलं. मी साडी दिली, तिने करंज्यांचा डबा दिला, मीनासाठी वेगळा.

मग म्हणाली, "अरे, तो गाण्यांचा पेनड्राइव्ह कधी देतोस? मंगळवारी परत फोन आला होता. तो काळू, चौथीत दोनदा बसलेला, आता रिक्षा चालवतो. आईचा एक फोटो नाही म्हणे त्याच्याकडे. आवाज तरी ऐकू दे म्हणतो."

"मशीन सर्व्हिसिंगला दिलंय," मी म्हणालो.

"बरं. सावकाश दे."

निरांजन अजून जळत होतं. ओवाळून घेतलं आणि खोटं बोललो, कपाळावरचा टिळा ओला असताना. येताना रिक्षात तो पुसून टाकला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

उल्हासनगरहून आणलं. दिवाळीनंतरचा बाजार, निम्मी दुकानं अजून बंद. हरेशभाईंनी एक छोटी डिस्क दिली. पैसे ठरल्यापेक्षा कमी घेतले. ते मनाला जास्त लागलं.

अठ्ठावन्न तुकडे. फाइलींना नावं नाहीत, नुसते नंबर. नावांची यादी दोन नंबरमध्ये होती.

घरी येऊन पहिला लावला. खरखर. कोंबडं. मग एक बाई, ठसक्यात: "चालू झाला काय गो बाई तुजा डबा?" आणि ताईचा आवाज, चाळीस वर्षांपूर्वीचा, हसू दाबत: "झाला, म्हणा." मग गाणं.

*माझ्या ग उंबऱ्याशी, पाणी येऊनशी बसलं,*
*सांग रं धरणाच्या सायबा, माझं जातं कुठं...*

संपलं. तिथेच. पुढे काही नाही.

दुसरा लावला. तोही सुरू होतो छान, मधेच कापला जातो. तिसरा तसाच. फाइलीचं तोंड सापडतं, शेपूट सापडत नाही. का ते मला कळतं. ओरखडा कुठे पडला, पुढचा भाग कुठे होता, सगळं कागदावर आकृती काढून दाखवू शकेन. फार हुशार आहे मी.

मीना दारात येऊन उभी राहिली होती. पाचव्या तुकड्यानंतर म्हणाली, "ताईंना उद्याच्या उद्या सांगा. मी येते बरोबर."

१ नोव्हेंबर, शनिवार

काल टाळलं, आज सांगितलं. उलट्या डिस्क, कुंकू, पाच वेळा, सर्व्हिसिंग हे खोटं. सगळं. मीना शेजारी बसून होती, मधे एक शब्द बोलली नाही. त्याबद्दल तिचे उपकार.

ताई ओरडली नाही. "किती उरली?" एवढंच.

लॅपटॉप लावून दिला, कानाला हेडफोन. ताईने शाळेचं जुनं हजेरीपुस्तक काढलं, मागची कोरी पानं. आकडा लिहायची, ऐकायची, पुढे नाव लिहायची. सहा-सात झाल्यावर हेडफोन काढला.

"शेवट कुठंय?"

"शेवट नाही आलेत, ताई."

"एकाचाही?"

"नाही."

तिने पेनाचं टोपण लावलं. मग जे सांगितलं ते मला सहा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. दोन महिने मी त्या कॅसेटी भरल्या, पण ऐकली एकही नव्हती. मीटरचा काटा हलतोय ना, एवढंच बघायचो.

ती म्हणाली, "धरणाच्या सर्व्हेवाले आले की आधी नाव विचारायचे. नाव दिलं की घर जातं, असं बायकांच्या मनात बसलेलं. मी पण सुरुवातीला आधी नाव विचारायचे. की तोंड मिटून बसायच्या. मग मी शिकले. आधी गाऊ द्यायचं. गाऊन मोकळ्या झाल्या, हसल्या, की मग हळूच विचारायचं. नाव शेवटी. प्रत्येकीचं नाव तिच्याच तोंडून आहे त्यात. कुणाची कोण, कुठल्या पाड्याची. त्याच्यासाठीच तर..."

मीनाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कॅसेटीच्या लेबलांवर होती ना नावं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"होती," ताई म्हणाली. "हिरव्या शाईने लिहिली होती. तू टाकलीस ती."

८ नोव्हेंबर

दुसरी बैठक. मी फक्त फाइली लावायला.

आवाजावरून एकवीस जणी ओळखल्या तिने. काळूची आई सापडली, पंधरा सेकंद. ताईने लगेच त्याला फोन लावला आणि हेडफोन काढून फोन लॅपटॉपजवळ धरला. मग तो म्हणाला, "बाई, अजून हाय ना पुढं?"

"एवढंच आहे रे, बाळा."

"पुढं हाये बाई. मला म्हायतीय. ती पुढं माजं नाव घेती."

ताईने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, या सगळ्यात. रागाने नाही. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत नाही हे माहीत असून त्याला उभं करावं, तसं बघितलं. मी मान खाली घातली.

सत्तेचाळीस नंबरचा तुकडा सगळ्यांत लांब. पूर्ण गाणं आहे. गाणं संपतं, बाई हसते, बांगड्या वाजतात, आणि तरुण ताई विचारते, "छान झालं हो. आता नाव सांगा तुमचं." बाई श्वास घेते. श्वास स्पष्ट ऐकू येतो.

संपलं.

ताईने तो चार वेळा लावायला सांगितला. आवाज ओळखीचा आहे म्हणाली, चेहरा डोळ्यांसमोर आहे, नाकात चमकी, कडेवर मुलगी. नाव येत नाही. हजेरीपुस्तकात सत्तेचाळीसच्या पुढे जागा सोडली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताईचं ठरलंय. पुनर्वसनाच्या वसाहतीत जायचं, घरोघर तुकडे ऐकवायचे, ही कुणाची आई ते विचारायचं. सदतीस जणी राहिल्यात. काळू रिक्षा घेऊन येणार आहे.

"मी येतो," मी म्हणालो. "लॅपटॉप, स्पीकर, सगळं..."

"तू नको."

पेनड्राइव्ह दिला. तिने रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. मग विचारलं, "तुझ्याकडे आहेत अजून?"

जरा बरं वाटलं. निदान हे तरी नीट केलं होतं. म्हणालो, "हो, दोन वेगळ्या डिस्कवर. एक इथे, एक निखिलकडे पाठवतोय. आता काही जाणार नाही."

"पुसून टाक."

"ताई, असं नको करूस. पेनड्राइव्हचा भरवसा नसतो. हरवतो, बिघडतो, पाण्यात पडतो. एकच प्रत ठेवणं म्हणजे..."

"जाऊ दे ना मग. गेला तर माझ्या हातून जाईल." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्या बायकांनी माझ्यावर विश्वास ठेवून तोंड उघडलं होतं. मी तो तुला देऊन टाकला. माझीच चूक. निखिलकडे पाठवू नकोस, कुणाकडे ठेवू नकोस. पुसून टाक."

"बरं," म्हणालो.

१७ नोव्हेंबर

फोल्डर उघडला. अठ्ठावन्न फाइली. सगळ्या निवडल्या. पडद्यावर विचारलं, कायमचं पुसायचं का. तसाच बसून राहिलो. मीना चहा ठेवून गेली, तो गार झाला.

ताई चुकतेय. हे मला पक्कं माहीत आहे. रिक्षात, पर्समध्ये, रुमालात बांधलेली एकच प्रत. कुठल्याही शहाण्या माणसाने हे करू नये. आणि माझ्या शहाणपणाचं काय झालं तेही मला माहीत आहे.

पडद्यावरची खिडकी बंद केली. नाही पुसलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दु. ताईचा फोन. आवाज ताजा. वसाहतीत तीन दिवस झाले, नऊ नावं मिळाली. एका घरात सून गाण्याचा पुढचा भाग म्हणून दाखवू लागली, सासूकडून शिकलेली. सत्तेचाळीस अजून नाही.

मग म्हणाली, "पुसलंस का रे?"

"हो."

"दोन्हीकडचं?"

"हो, ताई."

"बरं केलंस," ती म्हणाली. पुढे काही विचारलं नाही, शपथ घातली नाही. मी सांगितलं आणि तिने खरं मानलं, लगेच.

फाइली जागच्या जागी आहेत. आज परत मोजल्या.